मोटारीची तिरकी चाल आणि उत्रोलीची निदानपद्धती

मोटारीची चारही चाके एकाच दिशेला जातात, हा समज जितका सार्वत्रिक आहे तितकाच तो कोणी तपासून न पाहिलेला आहे. चारही चाके एकाच सांगाड्याला जखडलेली असल्यामुळे ती एकाच गावाला पोहोचतात एवढे खरे. परंतु वाटेत त्यांपैकी प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणणे असू शकते, आणि हे म्हणणे मागच्या दोन चाकांत जुळेनासे झाले म्हणजे जो विकार उद्भवतो त्याला मागच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडणे असे म्हणतात. अलाइनमेंट म्हणजे चाकाची मोटारीच्या मध्यरेषेशी आणि जमिनीशी असलेली ठरीव मांडणी. गॅरेजांच्या पाट्यांवर हा शब्द अलायमेंट, अलाईमेंट, एलाइनमेंट अशा नाना रूपांत आढळतो, त्यावरून ती गोष्ट सरळ राखणे किती कठीण असावे याची कल्पना येते.

या विकाराच्या अभ्यासासाठी भोरला लागून, मांढरदेवीच्या वाटेवर असलेले उत्रोली हे गाव सोयीचे ठरते, आणि त्याचे पहिले कारण भौगोलिक आहे. येथून निघालेल्या मोटारीला कोणत्याही दिशेला सरळ रस्ता फार वेळ लाभत नाही: मांढरदेवावरून वाईला जायचे तर आंबाडखिंडीचा घाट, महाडला उतरायचे तर वरंधा घाट, आणि कापूरहोळला महामार्ग गाठून साताऱ्याकडे वळले तर पुढे खंबाटकी उभाच असतो. मोटार तिरकी चालते आहे की रस्ताच तिरका आहे, हे अशा मुलखात चटकन ठरत नाही, आणि त्यामुळे हा आजार महिनोन्‌महिने अंगावर काढता येतो. दुसरे कारण असे की, सरळ कशाला म्हणावे याविषयी येथे प्रत्येक धंद्याचे स्वतःचे शास्त्र आहे. शेतकरी नांगराच्या तासावरून सरळपणा ठरवतो, गवंडी ओळंब्यावरून, सुतार गुण्यावरून, आणि निवृत्त ड्रायव्हर आपल्या नोकरीच्या वर्षांवरून. चौघांचीही उत्तरे निरनिराळी येतात आणि चौघेही ती एकाच वेळी देतात.

स्पोर्ट्‌स कार म्हणजे जिच्यात माणसे दोन, सामान जवळजवळ नाही, जमिनीपासूनची उंची वीतभराहूनही कमी आणि किंमत गुंठ्यांत सांगता येण्याजोगी असते अशी मोटार. ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला परकी आहे असे मानणे चुकीचे होईल, कारण बैलगाडी शर्यतीतला छकडा नेमका याच तत्त्वावर बांधलेला असतो: वजन कमीत कमी, बसणारा एक, उपयोग शून्य आणि प्रतिष्ठा अपार. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा घेण्यास परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यांना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढा न्यायालयीन इतिहास तर महाराष्ट्रातील कोणत्याही स्पोर्ट्‌स कारच्या वाट्याला आलेला नाही. मोटारींच्या बाजूने पाहता, मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडलेली डीसी अवंती ही एतद्देशीय स्पोर्ट्‌स कार म्हणून ओळखली गेली. तिचे इंजिन बसणाऱ्यांच्या पाठीमागे आणि त्याचा जोर मागच्या चाकांवर होता, आणि प्रस्तुत विषयात महत्त्व आहे ते याच जोराला. कारण जी चाके मोटार ढकलतात त्यांनीच दिशेविषयी मतभेद केले तर बाकीच्यांनी सरळ राहून काही उपयोग नसतो.

अशी मोटार नवी विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे ती सेकंड हँड येते, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या तरुणाने ती शनिवारी संध्याकाळी गावी आणली म्हणजे तिच्याभोवती जमलेल्या मंडळींत त्याचे वडील पहिला प्रश्न विचारतात तो असा की, यात पोती किती बसतात. या प्रश्नाला त्या वेळी उत्तर मिळत नाही.

पुढील विवेचनासाठी मागच्या चाकांची जोडणी समजून घेणे आवश्यक आहे. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर फिरतात. जुन्या जीपची आणि ट्रकची मागची चाकेही एका अखंड आखाच्या दोन टोकांना असून तो आख पाट्यांच्या कमानींवर बांधलेला असतो. अशा रचनेत दोन चाकांचे आपापसांत बिनसत नाही. बिनसलेच तर दोघांचे मिळून मोटारीशी बिनसते. पाट्यांना आखाशी जागेवर धरणारा मधला बोल्ट तुटला म्हणजे संपूर्ण आख किंचित सरकतो, आणि मग खंबाटकी चढताना पुढे असलेला ट्रक तोंड एकीकडे व पाठ दुसरीकडे करून खेकड्यासारखा चाललेला दिसतो, हे दृश्य त्या रस्त्याने जाणाऱ्यांना नवे नाही. याउलट स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या दोन चाकांचे सस्पेन्शन, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारी आणि धक्के सोसणारी यंत्रणा, स्वतंत्र असते. प्रत्येक चाकाला आपल्या तीन, चार किंवा पाच दांड्या, प्रत्येक दांडीच्या टोकाला रबराचे बुश, आणि हद्द कमीजास्त करता यावी म्हणून एखाददुसरा विकेंद्री बोल्ट, म्हणजे फिरवला असता दांडीचे टोक थोडे आतबाहेर सरकवणारा बोल्ट दिलेला असतो. थोडक्यात, आखावरची चाके एकत्र कुटुंबातली असतात, तर स्पोर्ट्‌स कारची मागची चाके वाटण्या झालेल्या भावांसारखी असतात. घर एक, सातबारा वेगळा.

या भावांच्या तंट्याचे मुख्य मुद्दे दोन. पहिल्याला टो म्हणतात. मोटारीकडे वरून पाहिले असता दोन्ही चाकांचे पुढचे काठ एकमेकांकडे वळलेले दिसले तर तो टो-इन, आणि एकमेकांपासून दूर गेलेले दिसले तर टो-आउट. दुसऱ्या स्थितीसाठी मराठीत ‘फेंगडा’ हा अधिक सुबक शब्द शेकडो वर्षे उपलब्ध असून गॅरेजांनी तो घेतला नाही याचे आश्चर्य वाटते. बहुतेक मोटारींत मागच्या चाकांना थोडासा आणि दोन्हीकडे सारखाच टो-इन ठेवतात, कारण त्यामुळे मोटारीची पाठ स्थिर राहते. मागची चाके फेंगडी झाली तर भोरच्या पावसात, ओल्या वळणावर, पाठीला पुढे येण्याची घाई होते आणि मोटार स्वतःभोवती फिरू पाहते, ही या लेखातील एकमेव गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुसरा मुद्दा कॅम्बरचा. पाठीमागून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर तो ऋण कॅम्बर होय. पवित्रा घेतलेला पैलवान पाय फाकून उभा राहतो तशी ही बैठक असून वळणावर पकड राहावी म्हणून स्पोर्ट्‌स कारला ती मुद्दाम दिलेली असते. त्यामुळे झुकलेले चाक पाहून ‘मोडलंय’ असा निकाल देणाऱ्यांचा निम्मा उत्साह येथेच वाया जातो. दोष झुकण्यात नसतो, एका भावाने दुसऱ्यापेक्षा जास्त झुकण्यात असतो.

आता हा दोष मागे असूनही आळ पुढच्या चाकांवर का येतो, हे पाहिले पाहिजे. समजा, मागचे डावे चाक ३ मिलिमीटर टो-इन आणि उजवे १ मिलिमीटर टो-आउट आहे. म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे उजवीकडे वळलेली आहेत, एकाचे जास्त आणि दुसऱ्याचे कमी. मागची जोडी मिळून ज्या दिशेला मोटार ढकलते तिला थ्रस्ट लाइन म्हणतात, आणि ती येथे मध्यरेषेपासून उजवीकडे सुमारे पाव अंश कलते. मोटार जाते ती या रेषेने. पुढच्या चाकांना मग तिच्याशी जुळते घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही, त्यासाठी स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते, आणि रस्ता सरळ असताना स्टिअरिंग वाकडे दिसले की मालक, शेजारी आणि मेकॅनिक असे तिघेही पुढच्या चाकांकडे रागाने पाहू लागतात. अडीच मीटर लांबीच्या चाकतळावर, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरावर, पाव अंशाचा हिशेब केला तर मोटारीची पाठ सुमारे ११ मिलिमीटर बाजूला राहून चालते. करंगळीच्या नखाएवढे हे अंतर भाऊबंदकीत मात्र पुरेसे असते. बांधावरून याहून कमी अंतरासाठी दिवाणी दावे चाललेले आहेत.

उत्रोलीत या विकारावर प्रथम लोकमत घेतले जाते. पंक्चरवाल्याच्या मते हवा कमी आहे, आणि विशेष असे की, हे मत पूर्णपणे डावलता येत नाही. कारण मागच्या दोन टायरांतील हवा सारखी नसेल तर पुढची सारी मोजमापे खोटी ठरतात, म्हणून कोणत्याही परीक्षेच्या आधी हवा थंड टायरात मोजून घ्यावी लागते. निवृत्त ड्रायव्हर स्टिअरिंग हातात घेऊन डोळे मिटतो आणि स्टिअरिंगचा बॉक्स गेल्याचे सांगतो. बाजूच्या घरातल्या आजी गाडीला दृष्ट लागल्याचे सांगतात, तेव्हा चारही चाकांखाली लिंबे ठेवून मोटार पुढे घेतली जाते. या विधीतून काही माहिती मिळते असा दावा कोणी करत नसले तरी मागच्या दोहोंपैकी एक लिंबू जागच्या जागी चपटे झाले आणि दुसरे बाजूला उडून मांजराला लागले, ही नोंद पुढे कामी येते, असे मानणारा एक पक्ष गावात असतोच. या सर्वांचा एकमुखी निर्णय मोटार जवळच्या शहरात नेऊन अलाइनमेंट करून आणण्याचा होतो. तेथे पुढच्या दोन चाकांचेच अलाइनमेंट होते, कारण रोज येणाऱ्या बहुतेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना हलवण्याची सोयच नसते. स्टिअरिंग सरळ दिसू लागते, पैसे दिले जातात, आणि मोटार पूर्वीइतकीच तिरकी, परंतु आता सरळ स्टिअरिंगने परत येते.

यानंतर खरे निदान सुरू होते. आयुर्वेदाने रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध सांगितली असून मोटारीला ती जशीच्या तशी लागू पडते, फक्त क्रम उलटा घ्यावा लागतो. कारण विकणारा माणूस फोन उचलत असेपर्यंतच प्रश्न विचारता येतात. त्याच्या उत्तरांची परिभाषा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणजे मागे एकदा डॉक्टरांकडे होती. ‘शोरूम कंडिशन’ म्हणजे धुतलेली आहे. आणि ‘मागे किरकोळ घासली होती’ म्हणजे मागच्या कोपऱ्यात पत्रा, रंग, दिवा आणि बहुधा एक दांडी एवढे बदलून झालेले आहे. टायर मात्र खोटे बोलत नाही. त्याच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते, जसे २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मागचा उजवा टायर नवा आणि डावा चार वर्षांचा निघाला तर उजवीकडे काय घडले होते हे विचारण्याची गरज उरत नाही.

स्पर्शन ही या तिहींतील सर्वांत विश्वसनीय परीक्षा होय, आणि भात कापलेल्या हाताला ती शिकवावी लागत नाही. भाताच्या पातीवरून एका दिशेने बोट फिरवले तर ती रेशमासारखी लागते आणि उलट फिरवले तर कापते. टो बिघडलेल्या टायरची नक्षी अगदी तशीच होते. तळहात टायरवर आडवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा, आणि एका फेरीत गुळगुळीत व परतीच्या फेरीत दातेरी विळ्यासारखे लागले तर चाक आडवे घासत चालले आहे असे समजावे. चालीच्या दिशेशी पाव अंश तिरके असलेले चाक दर किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवे फरफटते. उत्रोलीहून पुण्यापर्यंतच्या पन्नासएक किलोमीटरांत ही फरफट दोनशे मीटरांवर जाते, आणि तिचा खर्च रबरातून वसूल होतो. टायर दातेरी न होता केवळ आतल्या कडेने गुळगुळीत झिजला असेल तर संशय कॅम्बरवर घ्यावा. मेकॅनिक याला ‘टायर आतून खातोय’ असे म्हणतात. ही खाण्याची रीत शेजाऱ्याने दरवर्षी वीतभर बांध कोरण्यासारखी आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला शेत पूर्ण दिसते आणि वाकून पाहणाऱ्यालाच तारा दिसतात.

दर्शनासाठी पाऊस नुकताच उघडलेला असावा. मोटार डबक्यातून नेऊन कोरड्या डांबरावर हळू सरळ चालवली म्हणजे ओल्या चाकोऱ्या उमटतात. स्पोर्ट्‌स कारचे मागचे टायर बहुधा पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे मागचा ठसा पुढच्याच्या दोन्ही बाजूंना थोडा बाहेर दिसतो, आणि हा बाहेर दिसणारा काठ डावीउजवीकडे सारखा नसेल तर मोटारीची पाठ एका अंगाला चालते आहे. हा प्रयोग दोनदा, जाताना आणि त्याच पट्ट्यावरून उलट येताना करावा लागतो, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो आणि डावीकडून चालणारी निरोगी मोटारही त्यामुळे थोडी डावीकडे ओढते. प्रयोगाच्या वेळी गावातली मुले मोटारीमागे पळत नसतील तर निष्कर्ष अधिक स्वच्छ निघतात, परंतु ही अट उत्रोलीत आजवर पूर्ण झाल्याचे दिसत नाही.

अखेर मोजणी. ती करायला लागते ते गवंड्याचे सूत, ओळंबा, पाणी भरलेली लेव्हलची नळी आणि सपाट जागा. आणि यांपैकी सपाट जागा हीच सर्वांत दुर्मीळ असल्यामुळे मोटार सारवलेल्या खळ्यावर आणतात. नळीने चारही चाकांखालची पातळी पाहून जेथे कमी पडेल तेथे शहाबादी फरशीचे तुकडे सरकवतात. मागच्या प्रत्येक चाकाखाली वंगण लावून दुमडलेले युरियाचे रिकामे पोते घालतात, म्हणजे चाक जमिनीला चिकटून न राहता आपल्या खऱ्या जागी सैल बसते. मग दोन सारखे पाइप घेऊन त्यांना सारख्याच अंतरावर खाचा पाडतात आणि एक पाइप मोटारीच्या पुढे व एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीवर विटांवर ठेवून खाचांमधून दोन्ही बाजूंना सूत ताणतात. खाचांतले अंतर सारखे असल्यामुळे दोन्ही सुते आपोआप समांतर होतात. चाकांच्या मध्यापासून सुताचे अंतर पुढे आणि मागे वेगळे आले तरी चालते, डावीउजवीकडे मात्र ते तेवढेच यावे लागते. ते साधेपर्यंत पाइप इकडेतिकडे सरकवणे हेच या कामातील खरे कष्ट असून या टप्प्यावर प्रेक्षकांपैकी जाणते लोक चहाला जातात.

आता सुतापासून रिमच्या पुढच्या काठापर्यंत आणि मागच्या काठापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजायचे. १८ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साडेसात कला, अंशाचा साठावा भाग तो कला. डाव्या चाकाचा पुढचा काठ सुतापासून ३ मिलिमीटर जास्त दूर आणि उजव्याचा १ मिलिमीटर जवळ, असे आकडे आले की वर मांडलेले गणित वहीतून खळ्यावर उतरते. रिमच वाकडी असेल तर ती फसवते, म्हणून मोटार अर्धे चाक पुढे ढकलून पुन्हा मोजतात. नंतर ओळंबा मडगार्डावरून चाकाशेजारी सोडला की कॅम्बर निघतो: रिमचा वरचा काठ खालच्यापेक्षा १२ मिलिमीटर आत म्हणजे दीड अंश, २० मिलिमीटर आत म्हणजे अडीच. डावीकडे १२ आणि उजवीकडे २० हे आकडे ऐकल्यावर गवंडी, एवढा फरक आपण संडासाच्या भिंतीतही येऊ देत नाही, असा शेरा मारतो, आणि त्या दिवशी काढलेल्या निष्कर्षांपैकी सर्वांत कमी तांत्रिक असूनही लक्षात राहतो तो हाच.

आकडे हाती आल्यावर कारण शोधणे तुलनेने सोपे असते. मडगार्डाच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजतात. उजवी बाजू खाली बसलेली असेल तर स्प्रिंग तुटली किंवा दबली आहे, आणि तिच्या दबण्याने कॅम्बर आपोआप वाढला आहे. उंची सारखी असेल तर पहारीने दांड्या हलवून पाहतात. रबराचे बुश फाटले असेल तर दांडी हातभर दूर बसलेल्यालाही ऐकू येईल असा ठोका देते. तेही ठीक असेल तर दांडीच वाकलेली असते, आणि ‘किरकोळ घासली होती’ या वाक्याचा अर्थ तेव्हा पूर्णत्वाला जातो. विकेंद्री बोल्ट फिरवून सारे जुळवता येईल अशी आशा मालकाला शेवटपर्यंत असते, परंतु तो बोल्ट बहुधा गंजून आपल्या नळीशी एकजीव झालेला असतो. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: आधी वाकलेले आणि फाटलेले बदलायचे, मग मागची चाके मध्यरेषेला सारखी लावायची, आणि सर्वांत शेवटी पुढची. पुढच्यांपासून सुरुवात करणे म्हणजे भावांची वाटणी मिटण्यापूर्वी कुंपण घालणे होय.

एक शेवटची अडचण राहते. मोटार रिकामी असताना तिची बैठक एक असते आणि आत माणूस बसला की दुसरी होते, म्हणून काही उत्पादक मोजणीच्या वेळी आसनांवर ठरावीक वजन ठेवायला सांगतात. खळ्यावर ही वजने मिळत नाहीत, आणि माणूस बसवावा तर तो मान वळवून सूत पाहण्याचा मोह आवरू शकत नाही. तेव्हा वडील घरातून इंद्रायणी तांदळाची दोन पोती आणवतात, एक चालवणाऱ्याच्या जागी आणि एक शेजारी ठेवून त्यांना पट्टे बांधले जातात, आणि सूत पुन्हा ताणले जाते. यात पोती किती बसतात या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने दोन असे मिळते. त्यांपैकी शेजारचे पोते काम संपल्यावर उतरवलेच जात नाही, कारण ते तसेही पुण्याला पोचवायचे असते. रविवारी संध्याकाळी मोटार सरळ स्टिअरिंगने आणि सरळ पाठीने कापूरहोळच्या दिशेने निघते, आणि मुलाबरोबर आलेला मित्र भोरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभा राहतो.